आकडा विद्यार्थ्याच्या हाती द्या

महाराष्ट्रातील सर्व विद्यापीठांच्या सन्माननीय कुलगुरूंस,



प्रवेशाची धावपळ संपली की महाविद्यालयाच्या जिमखान्यात वजन-उंचीचा कार्यक्रम लागतो. भिंतीवर उंचीची पट्टी, तिच्या पायथ्याशी वजनकाटा, बाजूला टेबल आणि टेबलावर लांबट रजिस्टर. सर हजेरीच्या क्रमानं नाव पुकारतात, काट्यापाशी उभा असलेला एनसीसीचा पोरगा आकडा मोठ्यानं वाचतो, टेबलावरचा दुसरा तो लिहून घेतो. ‘एक्याण्णव!’ ऐकलं की रांगेत खसखस पिकते. ‘अडतीस!’ म्हटलं की कुणीतरी ‘पंखा बंद करा रे, उडेल’ म्हणतं. मुलींच्या रांगेतून एक-दोघी ‘सर, उद्या आले तर चालेल का?’ असं विचारून निघून जातात आणि तो उद्या काही उजाडत नाही. शारीरिक शिक्षण शिकवताना मी हे वर्षानुवर्षं पाहिलं आहे. संध्याकाळी रजिस्टर कपाटात जातं आणि पुन्हा बाहेर निघतं ते नॅकची मूल्यांकन समिती यायच्या आदल्या आठवड्यात.

या रजिस्टराचे दिवस आता पालटणार अशी चिन्हं आहेत. २०१९ मध्ये ‘फिट इंडिया’ चळवळ सुरू झाली, २०२१ मध्ये तिचं मोबाइल अ‍ॅप आलं. २०२३ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगानं विद्यार्थ्यांची शारीरिक तंदुरुस्ती, खेळ आणि मानसिक स्वास्थ्य यांबद्दल उच्च शिक्षणसंस्थांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. नव्या शैक्षणिक धोरणानं योग, खेळ आणि तंदुरुस्ती यांना श्रेयांकांच्या चौकटीत जागा दिली. या सगळ्याचं मी मनापासून स्वागत करतो. जो विषय कायम मधल्या सुट्टीत ढकलला गेला, त्याला वेळापत्रकात तास मिळतो आहे. पण श्रेयांक आले की मूल्यमापन येतं, मूल्यमापनाला आकडे लागतात आणि अ‍ॅप आलं की आकडे जिमखान्याच्या कपाटात राहत नाहीत. लाखो तरुण शरीरांची मापं घेतली जातील आणि ती कुठं जातील, हे ठरवणारी सही आपली असेल. म्हणून हे पत्र आपल्याला.

महाविद्यालयीन विद्यार्थ्यांची मापं घेण्याच्या प्रथेला दीडशेहून जास्त वर्षं झाली आहेत. तिचा मोठा भाग अमेरिकेत घडला आणि तिथून तिच्या पद्धती, चाचण्या आणि परिभाषा आपल्यापर्यंत आल्या. तो इतिहास मी थोडक्यात मांडतो, कारण आपल्याला जे निर्णय घ्यायचे आहेत, ते सगळे तिथं एकदा घेऊन झाले आहेत. काही फार चांगले ठरले. काहींची कागदपत्रं शेवटी जाळावी लागली.

मॅसॅच्युसेट्समधल्या अ‍ॅमहर्स्ट या छोट्या महाविद्यालयापासून सुरुवात करू. १८५० च्या दशकात तिथले अध्यक्ष विल्यम स्टर्न्स यांना एकच घोर लागला होता : हुशार मुलं अभ्यासाच्या ओझ्याखाली आजारी पडतात, काही अर्ध्यावर शिक्षण सोडतात, काही दगावतात. त्यांनी विश्वस्तांच्या मागे लागून व्यायामशाळा बांधून घेतली आणि आरोग्य व शारीरिक शिक्षणाचा स्वतंत्र विभाग काढला. १८६१ मध्ये त्यावर डॉ. एडवर्ड हिचकॉक यांची नेमणूक झाली. त्यांचे वडील याच महाविद्यालयाचे माजी अध्यक्ष आणि नामांकित भूगर्भशास्त्रज्ञ. खडकांत उमटलेले प्राचीन प्राण्यांच्या पावलांचे ठसे मोजण्यात त्यांनी हयात घालवली होती. मुलानं जिवंत माणसं मोजायला घेतली आणि १९११ मध्ये मृत्यू येईपर्यंत, म्हणजे पन्नास वर्षं, तो विभाग सांभाळला.

हिचकॉक यांचा व्यायाम साधा होता. प्रत्येक वर्गानं आठवड्यातून चार दिवस व्यायामशाळेत यायचं आणि पियानोच्या तालावर लाकडी डंबेल्स घेऊन एकत्र कवायत करायची. पहिलवान घडवणं हा हेतू नव्हता. मुलगा चार वर्षं धड राहून पदवी घेऊन बाहेर पडावा, इतकंच. त्यासाठी ते प्रत्येकाचं वय, वजन, उंची, छातीचा आणि दंडाचा घेर, फुप्फुसांची क्षमता आणि बारला लटकून किती वेळा वर येतो हे नोंदवत. शिक्षणाच्या ओघात मापं पुन्हा घेतली जात आणि मुलगा पहिल्या मापांपेक्षा कुठं आहे ते बघितलं जाई. १८८७ मध्ये त्यांनी या नोंदींच्या सरासरीचं एक छोटं पुस्तक काढलं, त्यात माप कसं घ्यायचं तेही दिलं. विद्यार्थ्यानं आपला आकडा आपल्याच वयाच्या, आपल्याच सारख्या मुलांशी ताडून बघावा अशी ती सोय होती. ही पद्धत दूरवर गेली. त्यांचे विद्यार्थी डॉ. जॉर्ज लेलँड १८७८ मध्ये जपान सरकारच्या बोलावण्यावरून तिकडे गेले, तिथं व्यायामशिक्षकांची शाळा उभारली आणि विद्यार्थ्यांची मापं घेण्याचा परिपाठही सुरू केला.

एका डॉक्टरचा एक प्रश्न आणि त्या प्रश्नापुरती मापं, इथवर सगळं सरळ होतं. पुढचा माणूस जास्त हुशार आणि जास्त हौशी होता.

डडली अ‍ॅलन सार्जंट तरुणपणी सर्कशीत कसरती करत. नंतर येलमधून वैद्यकीची पदवी घेतली आणि १८७९ मध्ये हार्वर्डच्या नव्याकोऱ्या हेमेनवे व्यायामशाळेचे प्रमुख झाले. आज कुठल्याही जिममध्ये दोरी, कप्पी आणि सरकणारी वजनं असलेली जी यंत्रं दिसतात, त्यांचे पूर्वज त्यांनी बनवले. येणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याची ते चाळीसहून जास्त मापं घेत : मान, पोटरी, मनगट, दोन खांद्यांमधलं अंतर, पाठीचा जोर, पकडीचा जोर. त्यावरून त्याच्यासाठी खास व्यायामाचा कागद लिहून देत, जसं डॉक्टर औषध लिहून देतो. ज्याचा डावा खांदा कमजोर त्याला डाव्या खांद्याचं यंत्र, ज्याची छाती अरुंद त्याला छातीचं. सगळ्या वर्गाला एकच शिक्षा देणाऱ्या आपल्या पीटीच्या तासापेक्षा हे कितीतरी पुढचं होतं.

पण याच सार्जंट यांनी १८८० मध्ये पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या एका मुलाला तपासून सांगितलं की तुझं हृदय कमजोर आहे, बैठं काम धर, जिने धावत चढूसुद्धा नकोस. त्या मुलानं ते ऐकून घेतलं, मनातच ठेवलं आणि दुसऱ्याच वर्षी आल्प्समधलं मॅटरहॉर्न शिखर चढून आला. त्याचं नाव थिओडोर रूझवेल्ट. पुढे तो अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झाला. सार्जंट अडाणी नव्हते, त्या काळच्या ज्ञानाप्रमाणे त्यांनी प्रामाणिक सल्ला दिला. आपली परीक्षा मात्र अशी की रूझवेल्टकडे श्रीमंती होती, आत्मविश्वास होता, तो सल्ला धुडकावू शकला. परभणीच्या किंवा गडचिरोलीच्या कॉलेजातली पहिल्या पिढीतली मुलगी सरांनी ‘अनफिट’ लिहिलेला शेरा धुडकावणार नाही. ती तो आयुष्यभर खरा मानून चालेल.

सार्जंट यांचं पुढचं पाऊल जास्त विचार करण्याजोगं आहे. हजारो मापं जमल्यावर त्यांनी त्यांची टक्केवारीनुसार उतरंड लावली आणि तिच्या मधल्या आकड्यांवरून दोन पुतळे घडवून घेतले : एक नमुनेदार अमेरिकन विद्यार्थी, एक नमुनेदार विद्यार्थिनी. १८९३ मध्ये शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात ते मांडले गेले. हिचकॉक यांच्या वहीतली सरासरी ही सोय होती; पुतळा झाल्यावर ती आदर्श झाली. लोक तिच्याशेजारी उभे राहून आपल्यात काय कमी आहे ते बघू लागले. आणि तो विद्यार्थी कोण होता? उत्तर अमेरिकेतल्या सुखवस्तू गोऱ्या घरांतला, कारण त्या काळी महाविद्यालयात पोहोचणारे बहुतेक तेच. एका छोट्या वर्गाचं शरीर साऱ्या देशाचा मानदंड म्हणून चौथऱ्यावर चढलं.

याच काळात मापांनी एक फार मोलाचं कामही केलं, ते सांगितलं नाही तर इतिहास अर्धा राहील. १८७३ मध्ये बोस्टनचे डॉ. एडवर्ड क्लार्क यांनी पुस्तक लिहून जाहीर केलं होतं की उच्च शिक्षणाचा ताण मुलींच्या शरीराला, विशेषतः गर्भाशयाला, सोसत नाही. पुस्तक हातोहात खपलं, पालक धास्तावले. शिकलेल्या स्त्रियांनी याला आकड्यांनी उत्तर दिलं. पदवीधर स्त्रियांच्या संघटनेनं प्रश्नावली पाठवली. ७०५ जणींची उत्तरं आली आणि १८८५ मध्ये अहवाल निघाला की शिकल्यानं प्रकृती ढासळल्याचं काही दिसत नाही. महिला महाविद्यालयांनीही व्यायामशाळा काढल्या, मुलींची मापं घेतली आणि वर्षाअखेर फुप्फुसांची क्षमता वाढली आहे हे दाखवलं. नेमक्या याच वर्षांत आपली आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियाला डॉक्टरकी शिकत होती. पुण्या-कल्याणात तिच्याविषयी जे बोललं जात होतं, तेच बोस्टनमध्ये वैद्यकाच्या भाषेत छापून येत होतं. त्याला तोडीस तोड उत्तर देता आलं, कारण या वेळी प्रश्न विचारणाऱ्या आणि उत्तर देणाऱ्या एकच होत्या.

विसाव्या शतकात मापांची जागा फोटोंनी घ्यायला सुरुवात केली. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास हार्वर्डच्या नव्या विद्यार्थ्यांची उभं राहण्याची ढब तपासली गेली आणि सुमारे ऐंशी टक्के मुलं ‘वाईट’ ठरली. पोक काढून उभं राहणं हा राष्ट्रीय काळजीचा विषय झाला. ताठ पाठ म्हणजे चांगली प्रकृती, चांगली प्रकृती म्हणजे चांगलं चारित्र्य, अशी साखळी जोडली गेली. येल, वेलस्ली, व्हॅसार, स्मिथ अशा नामवंत महाविद्यालयांत प्रवेश घेतलेल्या मुला-मुलींचे पहिल्याच आठवड्यांत ‘पोश्चर’चे फोटो घेण्याची पद्धत पडली. कपडे उतरवायचे, काही ठिकाणी पाठीच्या मणक्यांवर धातूच्या पिना चिकटवून घ्यायच्या म्हणजे कणा किती वळला आहे ते फोटोत दिसेल, आणि कॅमेऱ्यापुढे उभं राहायचं. ज्यांची ढब नापास होई त्यांना सुधारणेचा जादा तास. सतरा-अठरा वर्षांची पोरं, घरापासून पहिल्यांदाच लांब. सगळेच जातात म्हणून तीही गेली.

या फोटोंच्या ढिगाकडे एका माणसाची नजर गेली : डॉ. विल्यम शेल्डन. माणसाच्या बांध्यावरून त्याचा स्वभाव, बुद्धी आणि भवितव्य सांगता येतं असं त्याचं मत होतं आणि चांगल्या वंशाची पैदास करण्याच्या त्या काळच्या विचारांशी त्याचं जवळचं नातं होतं. १९४० मध्ये त्यानं सुमारे ४,००० महाविद्यालयीन तरुणांच्या विवस्त्र फोटोंवरून बांध्यांची वर्गवारी प्रसिद्ध केली : गुबगुबीत, पिळदार आणि शिडशिडीत. प्रत्येक शरीराला तीन घटकांसाठी एक ते सात असे तीन आकडे. १९५४ मध्ये त्यानं १,१७५ पुरुषांच्या फोटोंचा संग्रहच पुस्तक म्हणून छापला. स्त्रियांचा तसाच संग्रह काढायचा बेत होता. महाविद्यालयांची दारं त्याच्यासाठी उघडली ती ‘ढब तपासणी’च्या नावाखाली. मुलींना वाटलं, आपल्या पाठीसाठी चाललं आहे. चाललं होतं एका सिद्धांतासाठी, ज्याच्याबद्दल त्यांना कुणी अवाक्षर सांगितलं नव्हतं.

बेत फसला तो एका मुलीमुळे. सप्टेंबर १९५० मध्ये शेल्डन वॉशिंग्टन विद्यापीठात पहिल्या वर्षाच्या मुलींचे फोटो घेत होता. एका विद्यार्थिनीनं घरी आई-वडिलांना सांगितलं. दुसऱ्या दिवशी वकील आणि विद्यापीठाचे अधिकारी येऊन धडकले, फोटो ताब्यात घेतले आणि जाळले. तरी इतर ठिकाणी फोटो घेण्याची ही प्रथा साठच्या दशकाच्या अखेरपर्यंत रेंगाळली. मग सगळे विसरून गेले. १९९५ मध्ये रॉन रोझेनबॉम या पत्रकारानं न्यू यॉर्क टाइम्सच्या रविवारच्या मासिकात लिहिलं की शेल्डनचा ठेवा वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेच्या दप्तरखान्यात पडून आहे, तेव्हा देशभर खळबळ उडाली. पन्नाशी-साठीच्या नामवंत स्त्री-पुरुषांना कळलं की आपलं अठरा वर्षांचं उघडं शरीर कुठल्यातरी खोक्यात क्रमांक लावून ठेवलेलं आहे. संस्थेनं ठेवा कुलूपबंद केला. येलच्या विद्यार्थ्यांचे फोटो यंत्रात घालून त्यांच्या चिंध्या केल्या गेल्या.

कुलगुरू महोदय, मला शेल्डनपेक्षा जास्त अस्वस्थ करतात ते त्याला परवानगी देणारे. ते दुष्ट नव्हते. आपल्यासारखेच सुसंस्कृत, व्यस्त, विद्यार्थ्यांचं भलं इच्छिणारे प्रशासक होते. त्यांच्यापुढे अर्ज आला, त्यावर मोठ्या विद्यापीठाचं नाव होतं, विषय ‘विद्यार्थी आरोग्य’ होता. सही झाली. मापं कशासाठी, फोटो किती वर्षं राहणार, कोण बघणार, मुलीनं नको म्हटलं तर काय, हे त्या टेबलावर कुणीच विचारलं नाही. ते बारीकसारीक प्रश्न विचारायला वेळ कुणाकडे असतो?

हे सगळं परक्या देशातलं आहे, असं म्हणून सोडून देता येत नाही, कारण त्याची शाखा आपल्या अंगणात आहे. सार्जंट आणि हिचकॉक यांच्या पिढीनं जे शास्त्र उभारलं, ते स्प्रिंगफिल्डच्या वायएमसीए प्रशिक्षण शाळेत शिकवलं जाई, जिथं १८९१ मध्ये बास्केटबॉल जन्मला. तिथून शिकून आलेले हॅरी क्रो बक यांनी १९२० मध्ये मद्रासला शारीरिक शिक्षणाचं महाविद्यालय काढलं. भारतातल्या शारीरिक शिक्षणाची बरीच घडी तिथून बसली. १९३८ मध्ये मुंबई सरकारनं कांदिवलीला आपली प्रशिक्षण संस्था सुरू केली. आज आमच्या बी.पी.एड.च्या मुलांना उभ्या उडीची जी चाचणी करून घ्यायला सांगतात, तिला ‘सार्जंट जंप’ म्हणतात. आणि शेल्डन? गावोगावच्या जिममध्ये ट्रेनर नव्या पोराला ‘तू एक्टोमॉर्फ, म्हणजे शिडशिडीत, आहेस, तुझं वजन लवकर वाढणार नाही’ असं बिनदिक्कत सांगतो, तेव्हा तो शेल्डनचीच परिभाषा बोलत असतो. बार्बरा हीथ आणि लिंडसे कार्टर यांनी १९६७ मध्ये ती वर्गवारी दुरुस्त करून खेळाडूंच्या अभ्यासापुरती वापरण्याजोगी केली, हे खरं. पण स्वभाव आणि नशीब सांगणारा जुना वास त्या शब्दांना अजून येतो.

चाचण्यांचंही तेच. हार्वर्ड स्टेप टेस्ट घ्या. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४३ मध्ये, हार्वर्डच्या थकवा-प्रयोगशाळेत ल्युसिएन ब्रूआ यांनी ती बसवली. वीस इंच उंचीचा बाक. ठोक्याच्या तालावर मिनिटाला तीस वेळा चढायचं-उतरायचं, जास्तीत जास्त पाच मिनिटं. मग खाली बसायचं आणि ठरलेल्या अंतरानं अर्धा-अर्धा मिनिट अशी तीन वेळा नाडी मोजायची. चढण्याचा वेळ आणि नाडीची बेरीज सूत्रात घातली की गुण येतात. नव्वदच्या वर उत्तम, पंचावन्नच्या खाली वाईट. चाचणी स्वस्त आहे, हुशारीनं रचलेली आहे, मी ती पुष्कळदा घेतली आहे. पण ती उंच, धडधाकट तरुण पुरुषांसाठी बेतलेली होती. पाच फूट उंचीच्या मुलीला तो बाक गुडघ्याच्याही वर येतो. स्त्रियांसाठी पुढे बुटका बाक सुचवला गेला. आपल्याकडच्या जिमखान्यांत मात्र सुतारानं एकदा करून दिलेला बाक असतो आणि सगळ्यांना तोच. तिसऱ्या मिनिटाला पाय भरून आलेली मुलगी खाली बसते आणि रजिस्टरात ‘वाईट’ पडतं.

त्या मुलीच्या पायांत जोर का नाही, हे मात्र रजिस्टर विचारत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. हिमोग्लोबिन कमी असलं की स्नायूंना प्राणवायू कमी पोहोचतो, हृदय जोरात धडधडतं, नाडी लवकर खाली येत नाही. म्हणजे नेमकं तेच घडतं ज्याला स्टेप टेस्ट कमी गुण देते. तिला लोहाच्या गोळ्या हव्यात आणि आपण तिला आळशी ठरवतो.

दुसरं लाडकं माप बीएमआय. वजनाला उंचीच्या वर्गानं भागण्याची ही युक्ती बेल्जियमचे गणिती आदोल्फ केतले यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात काढली, समाजाची सरासरी काढायला. एका माणसाची प्रकृती ओळखायला नव्हे. १९७२ मध्ये अमेरिकेच्या अ‍ॅन्सेल कीज यांनी तिला आजचं नाव दिलं. ती आपल्याला किती फसवते हे पुण्याच्याच एका डॉक्टरांनी जगाला दाखवलं. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्लंडमधले सहकारी जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात शेजारीशेजारी उभं राहून काढलेला आपला फोटो छापला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. दिसायला सडपातळ भारतीय माणसाच्या पोटात मधुमेहाची तयारी चाललेली असू शकते आणि बीएमआयच्या तक्त्यात तो ‘नॉर्मल’ असतो. पाश्चात्त्य तक्ता भिंतीवर लावून आपण बारीक मुलांना खोटा दिलासा देतो आणि दणकट हाडाच्या कुस्तीगिराला लठ्ठ म्हणतो.

मापाशी प्रामाणिक राहिलेलं आणखी एक नाव घेतो. मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे १९२० च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनला ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली संशोधनाला गेल्या. पुढे नाझींच्या वंशविचाराला शास्त्राचा मुलामा देणाऱ्यांतले हे फिशर. कवट्यांच्या दोन बाजूंतल्या फरकावरून गोऱ्यांचं बौद्धिक श्रेष्ठत्व दिसेल अशी गुरूची अपेक्षा. इरावतीबाईंनी १४९ कवट्या मोजल्या आणि लिहिलं की या फरकाचा वंशाशी संबंध दिसत नाही. एका परदेशी विद्यार्थिनीनं, गुरूच्याच प्रयोगशाळेत, गुरूच्याच कंपासनं मोजून. माप घेणाऱ्यानं मापाशी कसं वागावं याचा महाराष्ट्राकडे याहून चांगला दाखला नाही.

आता मागण्यांकडे येतो. त्या मोजक्या आहेत आणि फार खर्चाच्याही नाहीत.

माप घेण्यापूर्वी ते कशासाठी हे लिहून जाहीर करावं. संशोधनासाठी किंवा बाहेरच्या संस्थेसाठी आकडे हवे असतील तर नीतिसमितीची मंजुरी आणि विद्यार्थ्याची वेगळी, लेखी संमती लागेल, आणि विद्यार्थी अठराच्या आतला असेल तर पालकांचीही. ‘नको’ म्हणणाऱ्याचे श्रेयांक कापले जाणार नाहीत. नाही म्हणायची सोय नसेल तर त्या संमतीला अर्थ नाही.

मापं आडोशाला घ्यावीत, आकडा पुकारू नये, मुलींची मापं शिक्षिकेनं किंवा परिचारिकेनं घ्यावीत. विवस्त्र किंवा अर्धवस्त्र फोटो कुठल्याही कारणासाठी, कुठल्याही अ‍ॅपवर, कधीही घेऊ नयेत. यात अपवाद ठेवूच नये.

वजन, बीएमआय किंवा कमरेचा घेर यांना गुण देऊ नयेत. गुण सहभागाला आणि विद्यार्थ्यानं स्वतःच्या आधीच्या मापापेक्षा केलेल्या प्रगतीला द्यावेत. तालमीत पोरगा जोर-बैठकांचा आकडा स्वतः मोजतो आणि काल किती होते ते त्यालाच ठाऊक असतं. वस्ताद तो आकडा फलकावर लिहीत नाही. अपंग विद्यार्थ्यांसाठी वेगळ्या, त्यांच्याशी बोलून ठरवलेल्या चाचण्या असाव्यात. त्यांना ‘सूट’ देऊन बाकावर बसवू नये.

ज्या मापामागून काही उपाय करता येतो तेच घ्यावं. हिमोग्लोबिन, रक्तदाब, दृष्टी आणि कमरेचा घेर या चार गोष्टी पन्नास इंच-टेपांपेक्षा जास्त सांगतात. दोष आढळला तर विद्यार्थ्याला कुठल्या दवाखान्यात पाठवायचं हे आधी ठरलेलं असावं. उपायाची सोय नसेल तर तपासणीचा घाट घालू नये.

आणि आकडे कधी नष्ट करायचे त्याची तारीख मापाच्या दिवशीच ठरवावी. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला आहे. शिक्षण पूर्ण झाल्यावर विद्यार्थ्याचा आकडा विद्यापीठाकडे राहण्याचं काही कारण उरत नाही. शेल्डनच्या खोक्यांवर अशी तारीख असती, तर ती खोकी कित्येक दशकांनी कुणा पत्रकाराला सापडली नसती.

पुढील शैक्षणिक वर्ष सुरू होण्यापूर्वी आपण एक परिपत्रक काढावं आणि संलग्न महाविद्यालयांनी त्यातला मजकूर प्रत्येक मापनपत्रकाच्या माथ्यावर छापावा, ही विनंती. मसुदा करायला समिती नेमावी लागू नये म्हणून तो इथंच देतो :

‘ही मापं तुमच्यासाठी घेतली जात आहेत. कारण खाली लिहिलं आहे. ते पटलं नाही तर तुम्ही नकार देऊ शकता आणि त्याचा गुणांवर परिणाम होणार नाही. मूळ पत्रक तुमच्याकडे राहील. महाविद्यालयाकडची प्रत तुम्ही महाविद्यालय सोडाल त्या दिवशी नष्ट केली जाईल, आणि ती नष्ट झाली की नाही हे विचारण्याचा हक्क तुम्हाला आहे.’

आपला नम्र,
शारीरिक शिक्षणाचा एक निवृत्त प्राध्यापक